मुरंब्याच्या बरण्या आणि पाच गुणांची टीप

स्त्रीवादी समीक्षा शिकवायची तर व्याख्येपासून सुरुवात करू नये. व्याख्या फळ्यावर लिहिली की तीस मुली खाली मान घालून ती उतरवून घेतात, चार मुलगे मोबाईलवर तिचा फोटो काढतात, आणि मग उरलेल्या तासात वर्गात कोणी विचार करील ही भीती राहत नाही. त्यात कोकणातला जुलै. पत्र्यावर पाऊस असा वाजतो की 'पितृसत्ता' हा शब्द तिसऱ्या बाकापर्यंत 'पित्तसत्ता' होऊन पोचतो, आणि एक-दोन वह्यांतून तसाच उत्तरपत्रिकेत उतरतो. पित्तावर इथे निदान सोलकढी तरी देतात.

म्हणून मी सुरुवात खुनापासून करतो. सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स' ही १९१७ सालची कथा. या बाई आधी आयोवात वार्ताहर होत्या. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या एका शेतकरणीच्या खटल्याच्या बातम्या त्यांनी दिल्या होत्या. त्यावरून १९१६ साली एकांकिका झाली, पुढच्या वर्षी कथा. आडबाजूच्या घरात जॉन राइट अंथरुणातच गळ्याला दोर आवळून मारला गेलाय आणि बायको, मिनी, अटकेत आहे. शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख), सरकारी वकील आणि एक शेजारी पुरावा शोधायला माडीवर जातात, गोठ्यात जातात. शेरीफची बायको आणि शेजारीण मिसेस हेल स्वयंपाकघरात थांबतात. पुरावा अर्थातच स्वयंपाकघरात असतो.

मागच्या बाकावरून पहिला प्रश्न ठरलेला: "सर, पण खून कोणी केल्यान?" त्याला उत्तर द्यायचं नाही. दिलं की उरलेली कथा ऐकायला फक्त पंखा उरतो.

शीर्षकातली ज्युरी, म्हणजे खटल्यात निकाल देणारे सामान्य नागरिक, समजवायला नानावटी खटला कामी येतो. नानावटी हे बायकोच्या प्रियकराला गोळी घालणारे नौदल अधिकारी. १९५९ साली ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, हे सिनेमाच्या कृपेने मुलग्यांना पाठ असतं. मग एवढंच सांगायचं, की कथेच्या काळात तिथल्या बायकांना ज्युरीत बसता येत नव्हतं आणि देशभर मताचा हक्क मिळाला तोही १९२० साली. म्हणजे शीर्षकातले 'तिच्या बरोबरीचे' कोर्टात भेटणं शक्यच नव्हतं. ते भेटले तर चुलीपाशी.

खरी पंचाईत हवामानाची. कथेत चूल विझते, कडाक्याच्या थंडीने फळांचा पाक गोठतो आणि बरण्या फुटतात. घामाने रुमाल पिळत बसलेल्या वेंगुर्ल्याच्या वर्गाला हे पटवणं म्हणजे माशाला छत्री विकणं. आपल्याकडे बरण्या फुटत नाहीत, नासतात. मीठ कमी पडलं, दादरा सैल बांधला, कोणी ओला चमचा घातला, की श्रावणात लोणच्यावर पांढरी साय. तेव्हा पाठ्यपुस्तक मिटून आमसुलांचा हिशेब मांडायला सांगायचा. मे महिन्यात रातांबे गोळा करा, फोडा, बिया काढा, सालं उन्हात घाला, मीठ घातलेल्या रसात बुडवा, पुन्हा वाळवा, पुन्हा बुडवा. एवढ्यात एखादी वळवाची सर अंगणात आली, की सगळं उचलून पडवीत धावा. हा हिशेब फळ्यावर मांडून झाला की विचारायचं: खुनाच्या आरोपात अडकलेली बाई बरण्यांची काळजी करते, यावर शेरीफ का हसतो?

वर्ग गप्प होतो. मग खिडकीकडची एखादी म्हणते, "वर्साची बेगमी गेली ना सर तिची."

इथे समीक्षा सुरू झालेली असते. नाव अजून कोणालाच माहीत नसतं, आणि दोन दिवस माहीत नसलेलंच बरं.

यानंतर दोन पेन्सिली लागतात. पुरुषांना जे दिसतं त्याखाली निळी रेघ, बायकांना जे ओळखू येतं त्याखाली लाल. वकिलाला हात पुसायच्या फिरत्या टॉवेलवर मळ दिसतो आणि बाई घरकामात ढिली असल्याचा निकाल लगेच लागतो. निळी रेघ. मिसेस हेलना दिसतं की टेबल अर्धंच पुसलेलं आहे, साखरेच्या डब्याचं झाकण काढलेलं आहे आणि शेजारच्या पिशवीत साखर तशीच उरली आहे. लाल. काम करता करता बाई थांबली. का थांबली? हे त्यांनाच कळतं, कारण कथेच्या आरंभी त्या स्वतः पीठ अर्धं चाळून, अर्धं तसंच टाकून घराबाहेर पडलेल्या असतात. ही पहिल्या पानावरची ओळ वर्गातले नव्वद टक्के लोक गाळतात. (टक्केवारी माझी, रागातून आलेली.) पुढे गोधडीच्या तुकड्यांत एकाच तुकड्याची शिवण वेडीवाकडी, पिंजऱ्याचं दार उखडलेलं, आणि शिवणाच्या करंडीतल्या पेटीत, रेशमी फडक्यात गुंडाळलेलं, मान पिरगळलेलं पाखरू. कथा सलग वाचायला तास-सव्वा तास, म्हणजे दोन तासिका. तिसरी रेघा मोजायला.

बिघाड होतो तो बहुधा चौथ्या तासिकेला, उत्तरं लिहायला दिल्यावर. सगळ्या उत्तरांचं पहिलं वाक्य 'या कथेत स्त्रीवर अन्याय झाला आहे' हेच येतं. अन्याय झालाच आहे, पण ते तर शेवटी म्हणायचं. आधी ओळ दाखव. म्हणून पहिल्या पानावर 'अन्याय' या शब्दाला बंदी घालावी. बंदी घातली की 'शोषण' येतं. दुसरा वर्ग खलनायक शोधणाऱ्यांचा. जॉन राइट दारू पीत नसे, शब्द पाळत असे, देणी फेडत असे. आमच्याकडे एवढ्यावर स्थळ पक्कं होतं, मुलीचा फोटोही मागत नाहीत. मुलगे त्याची जोरात बाजू घेतात. घेऊ द्यावी. मग मिसेस हेल त्याच्याबद्दल काय म्हणतात ते वाचून दाखवावं: हाडांत शिरणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यासारखा माणूस. मारहाणीचं अवाक्षर नाही. घरात शब्द नाही, पाहुणा नाही, आणि गाणारं एक पाखरू होतं तेही गेलं. पुरावा म्हणून हे कुठल्या कलमात बसवायचं, हाच कथेचा प्रश्न आहे. 'बाईच बाईची वैरीण' हे वाक्य तर न मागता येतं. त्यावर मिसेस हेल वर्षभर तिच्या घरी फिरकल्या नव्हत्या म्हणून स्वतःलाच कसा दोष देतात, तो भाग पुन्हा वाचायला लावणे हा एकच इलाज.

"ह्या सगळा भायरसून इलेला," अशीही हरकत निघते. तिला उत्तर बुलढाण्याचं. ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली लिहिली, इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फबाईंनी 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये स्वतःची खोली मागितली त्याच्या सत्तेचाळीस वर्षं आधी. आणि निमित्त? सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा बालहत्येचा खटला, आणि त्यावरून वर्तमानपत्रांनी बाईजातीवर उठवलेली झोड. ग्लास्पेलबाईही एका खटल्यापासूनच निघाल्या होत्या. हे सांगितल्यावर वर्ग दोन मिनिटं गप्प असतो. मग कुडाळ गाडीचा हॉर्न वाजतो.

शेवटाला भाषांतर मात्र चक्क आपल्या बाजूने येतं. वकील थट्टेने विचारतो, बाई गोधडी कशी पुरी करणार होती? मिसेस हेल पाखराची पेटी खिशात दाबून उत्तर देतात: गाठी मारून. इंग्रजीत त्या 'नॉट' (knot) शब्दात नकाराचाही (not) भास आहे. तो मराठीत निसटतो. पण गोधडीची गाठ, दोराची गाठ आणि लग्नगाठ, तिन्ही एका शब्दात बसतात, आणि तिसरी सांगावी लागत नाही. लाल पेन्सिलवाल्या आपसूक वर बघतात.

एवढं होऊन प्रश्नपत्रिकेत येतं: 'टीप लिहा: स्त्रीवादी समीक्षा (५ गुण)'. अमेरिकन समीक्षक एलेन शोवॉल्टर यांनी १९७९ साली केलेले दोन भाग, म्हणजे वाचणारी स्त्री आणि लिहिणारी स्त्री, आले तर तीन गुण. उदाहरण दिलं तर एक. एक गुण अक्षराचा, तो मुलींनाच जातो. एका वहीत उदाहरण म्हणून फक्त आमसुलांची कृती असते, मिठाच्या प्रमाणासकट. तिला किती द्यायचे ते नियमात नाही.

तास संपला की खडूचे हात धुवायला स्टाफरूमच्या बेसिनवर जावं. तिथला नॅपकिन बघून कोणीतरी सर म्हणतातच, "काय हे! आज मावशी आल्या नाहीत वाटतं." मीही त्याच नॅपकिनचा त्यातल्या त्यात कोरडा कोपरा शोधत असतो.