'खरी आई' वाला तो मेसेज आणि वॉर्डातल्या दोघीजणी

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, तुमच्यातल्या निम्म्या लोकांना आलेला असणारच. इटलीतली एक डॉक्टर बाई, पोटुशी असताना कॅन्सर निघाला, डॉक्टर म्हणाले गर्भ पाडा नाहीतर मराल, ती म्हणाली मी मेले तरी चालेल पण बाळ जगलं पाहिजे, आणि तसंच झालं. खाली चार ओळी: कॅन्सरसाठी गर्भपात लागतो हे डॉक्टरांनी पसरवलेलं खोटं आहे, केमो घेतली तर बाळ हमखास अपंग होतं म्हणून बाळंतपणापर्यंत उपचार थांबवा, खरी आई आधी स्वतःचा जीव बघत नाही, आणि नवऱ्याच्या सहीशिवाय कायद्याने तसंही काही करता येत नाही. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

मावशी, तुझ्यावर राग नाही, तू चांगल्या मनानेच पाठवलंस. पण माझ्या धाकट्या जावेच्या वेळी मी कॅन्सर हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चार महिने बसलेय, डबे नेलेत, रिपोर्टांच्या लाइनी लावल्यात, त्यामुळे हे असंच सोडून देववत नाही.

आधी ती इटलीतली बाई. ती खरी आहे, नाव जियाना बेरेत्ता मोल्ला, लहान मुलांची डॉक्टर. वसईची माझी मैत्रीण आहे तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी हिचा फोटो असतो, तिनेच मला सांगितलं की अगं तिला कॅन्सर नव्हताच! १९६१ साली चौथ्या बाळाच्या वेळी दिवस गेले तेव्हा गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली, म्हणजे साधी गाठ, कॅन्सरची नाही. गर्भाशय काढा किंवा गर्भपात करा किंवा नुसती गाठ काढा असे मार्ग होते, तिने नुसती गाठ काढायला सांगितलं आणि ते ऑपरेशन नीट पार पडलं. २१ एप्रिल १९६२ ला सिझेरियन होऊन मुलगी झाली आणि आठवड्याने, २८ तारखेला, पोटात इन्फेक्शन पसरून ती गेली. २००४ मध्ये पोपनी तिला संत जाहीर केलं. तिने जोखीम घेतली हे खरंच आहे, तिच्या धीराला माझा नमस्कार. पण कॅन्सर असताना केमो नाकारली ही गोष्ट तिच्या नावावर कोणीतरी चिकटवलेली आहे.

आणि गंमत बघा, कॅथलिक चर्च गर्भपाताच्या इतकं विरोधात, तरी कॅन्सर झालेलं गर्भाशय काढायला तिथेही मनाई नाही, आत गर्भ असला तरी. त्यांचं म्हणणं असं की हेतू रोग काढायचा आहे, गर्भ जाणं हा त्याचा टाळता न येणारा परिणाम. मला स्वतःला ही रेघ फार बारीक वाटते, पिशवीसकट गेला तर चालतं आणि आधी गोळी देऊन गेला तर पाप, आईच्या दृष्टीने दोन्हीकडे जातं तेच. पण निदान त्यांनी विचार तरी केलाय, या मेसेजवाल्याने तेवढाही केलेला नाही.

आता 'गरजच नसते' वर येते. माझ्या जावेला पाचव्या महिन्यात ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गावातल्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितलं, आधी पिशवी साफ करून घ्या मग पुढचं बघू, आणि आम्ही तशी तयारी करूनच मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी फाइलच्या मागे पेनने एक आडवी रेघ मारली, त्यावर १२ आणि ३५ असे दोन आकडे टाकले. म्हणाल्या, पहिल्या बारा-चौदा आठवड्यांत बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमो द्यायची नाही, त्यानंतर ठरावीक औषधं देता येतात, ३५ च्या सुमारास थांबवायचं म्हणजे बाळंतपणाच्या वेळी रक्तातल्या पेशी घटलेल्या नसतील. तुम्ही २० वर आहात, गर्भपात कशाला? नुसता गर्भ काढल्याने ब्रेस्ट कॅन्सर बरा होत नाही. म्हणजे घाईघाईने 'पाडा' म्हणणारेही चुकतातच, हे मी मोकळेपणाने सांगते. तिने लाल रंगाची ती केमो घेतली, केस गेले, हर्सेप्टिन हे ब्रेस्ट कॅन्सरचं दुसरं औषध मात्र बाळंतपणानंतरच सुरू केलं कारण त्याने बाळाभोवतीचं पाणी कमी होतं. मुलगा झाला, आता दुसरीत आहे आणि घर डोक्यावर घेतो.

पण बाजूच्याच बेडवर एक बाई होती, दहावा आठवडा, अक्यूट ल्युकेमिया. तिच्यासाठी तीच रेघ काढली तर ती १२ च्या अलीकडे, आणि हा ब्लड कॅन्सर बारा-चौदा आठवडे भरेपर्यंत कसला थांबतोय, त्याला दिवस मोजावे लागतात. जोरदार केमो दिली की त्या आठवड्यांत गर्भ बहुधा आपोआप पडतो, आणि तो पडतो नेमका तेव्हा जेव्हा प्लेटलेट तळाला गेलेल्या असतात, मग रक्त थांबत नाही, इन्फेक्शन आवरत नाही, म्हणून आधी सांभाळून गर्भपात करून मग केमो. थांबली असती तर दहा आठवड्यांचं बाळ काही आईनंतर जगलं नसतं! म्हणजे 'आई की बाळ' असा प्रश्नच तिथे नव्हता, एक जातंय की दोघं जातायत एवढाच होता. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचंही तसंच, ओटीपोटावर रेडिएशन द्यायचं ठरलं तर गर्भ वाचत नाही, तिथे कुठला मधला रस्ता निघत नाही.

हे ताणलं की काय होतं ते डोमिनिकन रिपब्लिकमध्ये २०१२ साली जगाने बघितलं. १६ वर्षांची मुलगी, ल्युकेमिया, काही आठवड्यांची गरोदर. तिथल्या २०१० च्या राज्यघटनेत गर्भ राहिल्यापासून जीवाचा हक्क लिहिलेला, गर्भपाताला पूर्ण बंदी, डॉक्टर केमो द्यायला कचरले, जवळजवळ तीन आठवडे चर्चेत गेले. मग केमो सुरू झाली, गर्भ पडला आणि ऑगस्टमध्ये मुलगीही गेली. लवकर केमो मिळाली असती तर वाचलीच असती असं मी म्हणणार नाही, पण ते तीन आठवडे तिचे होते.

'केमोने बाळ अपंगच होतं' याला फार वेळ देत नाही. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या फ्रेडरिक आमान्त यांच्या टीमने २०१५ मध्ये १२९ मुलांचा अभ्यास छापला, ही पोटात असताना आयांना कॅन्सर निघालेला, बहुतेकींनी केमो घेतलेली. बुद्धी, हृदय, वाढ यात इतर मुलांच्या तुलनेत फरक दिसला नाही, जो दिसला तो वेळेआधी जन्मल्यामुळे. मेसेज वाचून कोणी पाचव्या महिन्यात उपचार थांबवले तर, मावशी, विनाकारण जीव जाईल.

'खरी आई' चं सगळ्यात जास्त लागतं. कोणी सगळं समजून म्हणाली की मी थांबते, तर तो तिचा हक्क, तिला मूर्ख म्हणणारी मी कोण? पण त्याग स्वतःहून असतो, ग्रुपवर बसून दुसरीकडून करून घ्यायचा नसतो. आणि जिने गर्भपात केला तिला काही वाटत नाही असं समजू नका. बाजूच्या बेडवरची ती बाई गर्भाला 'ते' म्हणायची नाही, 'हा' म्हणायची. तिला घरी चार वर्षांची मुलगी होती. ती त्या मुलीचीही आईच होती ना?

राहिली सही. तिचा नवरा फोनवर आईला विचारत होता, आई म्हणे गुरुजींना विचारते, तोवर सही करू नकोस. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, दादा, तुमची सही लागतच नाही. खरंच लागत नाही. १९७१ च्या कायद्याप्रमाणे सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, मुलगी १८ च्या आतली किंवा मनोरुग्ण असेल तरच पालकाची लागते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत चालतं, २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक बायकांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने मर्यादा २४ पर्यंत गेली, आणि आईचा जीव वाचवायला तातडीने गरज असेल तर आठवड्यांची अट आड येत नाही, कलम ५ त्यासाठीच आहे. अर्थात इतक्या पुढच्या महिन्यांत बहुतेक वेळा गर्भपात नाही, बाळंतपणच थोडं लवकर करतात.

उजव्या हाताला सलाईनची सुई होती म्हणून तिने डाव्या हाताने सही केली, लहान मुलाने गिरवावी तशी वाकडी. नवरा खाली मान घालून उभा, मग त्यानेच कागद धरला, सरकत होता म्हणून. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही, आमची सुट्टी झाली. पण उशीखाली फोन होता तिच्या, सारखा वाजायचा, आणि नातेवाइकांचे ग्रुप त्यातही होतेच.