दाढी का वाढवायलाय?

सांगलीत माणसानं काहीही वाढवावं. वजन वाढवावं, कर्ज वाढवावं, परवानगी नसलेला मजला वाढवावा, कोण विचारायला येत नाही. पण दाढी वाढवली की मारुती चौकापासून विश्रामबागेपर्यंत प्रत्येक ओळखीचा माणूस गाडी कडेला घेऊन, एक पाय खाली टेकवून विचारतो, "काय ओ, दाढी का वाढवायलाय?" आणि नुसतं "अशीच" म्हणून भागत नाही. अशीच दाढी वाढवणारा माणूस एकतर कर्जात असतो नाहीतर बायको माहेरी गेलेली असते, असं इथं ठरलेलं आहे. कारण लागतं, तेही घरंदाज. आणि माझं कारण होतं हॅलोविन.

झालं काय, की गेल्या वर्षी आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार पोरांनी आईच्या बेडशीट अंगावर घेऊन लिफ्टसमोर आरडाओरडा केला होता, तेवढंच आमचं हॅलोविन. पण यंदा ते कमिटीनं हातात घेतलं. कमिटीनं घेतलं म्हणजे वर्गणी आली, परीक्षक आले, पहिला-दुसरा-उत्तेजनार्थ आलं, आणि "मोठ्यांनीही वेशभूषा करणे बंधनकारक आहे, निमित्त सांगू नये" असा ग्रुपवर मेसेज पडला. पोरगी सातवीत, तिनं फर्मान काढलं, बाबा, तुम्ही भूत व्हायचं.

आईला आधी हॅलोविन म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलं. पोरीनं नेटवरचं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, की आयर्लंडकडे जुने केल्टिक लोक सुगी संपली की साविन नावाचा सण करायचे, त्या रात्री मेलेली माणसं परत येतात असं मानायचे, मग 1 नोव्हेंबरला ख्रिश्चन संतांचा दिवस आला म्हणून आदली रात्र 31 ऑक्टोबर, तिकडं आधी सलगम कोरायचे, आयरिश लोक अमेरिकेत गेल्यावर भोपळा आला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यांची सर्वपित्री. पण मग आपल्यापेक्षा एवढी उशिरा का?" पोरं दारोदार जाऊन खाऊ मागतात म्हटल्यावर तर तिचा चेहराच खुलला. हादगाच की हा! फक्त खिरापत ओळखायची नाही, गाणी म्हणायची नाहीत, आणि तरी खायला द्यायचं, हे काय तिला पटलं नाही. फुकट खाऊ द्यायला ती आजही तयार नाही.

आता खरीच दाढी कशाला, दुकानात शंभर-दोनशेला मिळते की, हे मला सगळ्यांनी सांगितलं. पण आमच्या घराण्यात खोट्या दाढीचा इतिहास वाईट आहे. माझे काका हौशी नाटकात काम करायचे. एकदा ऋषी झाले होते, क्रेपची दाढी स्पिरिट गमनं चिकटवलेली, वरनं लाइटी, खालनं ऑक्टोबर हीट. ऐन शाप द्यायच्या वेळी घामानं डावी बाजू सुटली आणि दाढी उजव्या कानाला लोंबकळायला लागली. काकांनी एका हातानं दाढी धरून दुसऱ्या हातानं शाप पुरा केला, पण त्यानंतर घरातल्या एकाही लग्नात त्यांना कुणी नुसतं "कसे आहात" असं विचारलेलं नाही, आधी दाढीचं विचारतात. हे दुसऱ्या गावात खपलं असतं हो. पण 5 नोव्हेंबर 1843 ला ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर नाटक उभं केलं त्या गावात चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा समीक्षक असतो. तेव्हा ठरवलं, दाढी खरीच.

भूत कुठलं हा प्रश्न आईनंच निकालात काढला. मुंजा म्हटलं तर म्हणाली, "मुंजाला दाढी कुठली आलीय, मुंज झाली की गेलेला तो, पोरगं असतं." खवीस म्हटलं तर पोरगी नावालाच हसायला लागली. वेताळ म्हटलं तर तो राजा, त्याला पालखी लागते आणि आपल्या लिफ्टमध्ये मावत नाही. शेवटी समंधावर एकमत झालं. धोतर, उघडं अंग, वर जुनं उपरणं आणि छातीपर्यंत दाढी.

ही छातीपर्यंतची भानगड बायकोनं जागेवर संपवली. तिनं मोबाईलवर बघितलं, दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते, फार तर सव्वा. मी गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून वस्तरा बंद केलेला, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत तीन-साडेतीन सेंटिमीटर. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "साडेतीन सेंटिमीटरचा समंध. वा." तेल लावून वाढत नाही, सारखी कापून दाट होत नाही, हेही तिनंच वाचून दाखवलं. तरी मी चोरून एरंडेल लावायचो. लागलं तर लागलं. उशीचा अभ्रा मात्र गेला.

पण सुरुवातीला सोपं गेलं, कारण श्रावण होता. "श्रावण धरलाय व्हय? छान छान." लोक मानानं बघायला लागले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. मला वाटलं झालं, कारण फुकटात मिळालं. पण सांगलीत कारण घेतलं की त्याच्याबरोबर पथ्य येतं हे मला माहीत नव्हतं. एका संध्याकाळी गाड्यावर उभा राहून निवांत ऑम्लेट-पाव खात होतो, मागनं खांद्यावर हात पडला. "दाढी ठेवून अंडं?" आता त्याला काय सांगू, की बाबा मी श्रावण पाळत नाही, मी आयर्लंडचा सण पाळतोय.

गणपतीत तर कारणच मिळेना. पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि न बोलता संकल्प सुरू केला, पण आवाजात नाराजी होती. आणि नेमकी त्याच सुमाराला खाज शिगेला पोचली. वस्तऱ्यानं कापलेल्या केसाला धार असते, तो वाढताना वळला की टोक कातडीतच टोचतं, आणि खालनं कोंडा सुटतो तो वेगळाच. रात्री दोनला मी गॅलरीत उभा राहून मोठ्या दातांच्या कंगव्यानं हनुवटी खाजवायचो आणि समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन माझ्याकडे टॉर्च मारायचा. त्यात वाढ सगळीकडे सारखी असती तरी चाललं असतं. उजवा गाल म्हणजे कृष्णाकाठ, ऊस उभा, आणि डावा गाल म्हणजे जत तालुका, पाऊस येणार येणार म्हणून वर्षानुवर्षं वाट बघणारा. हनुवटीवर पांढऱ्याचे दोन पट्टे निघाले ते तर मला नवीनच होते, इतकी वर्षं रोज सकाळी मी ते वाहून सिंकमध्ये सोडत होतो म्हणायचं.

पितृपक्ष आला आणि दाढीला परत कारण मिळालं, पण फारच मोठं मिळालं. लोक विचारायचे बंद झाले आणि हळू आवाजात बोलायला लागले. मार्केट यार्डात एकानं माझा हात हातात घेऊन नुसताच दाबला. कुणीतरी कराडच्या आत्याला कळवलं असणार, कारण तिचा फोन आला तो रडतच, "वहिनी कधी गेल्या ग? मला कुणी कळवलंसुद्धा नाही!" फोन आईनंच उचलला होता. त्यानंतरचा अर्धा तास आई आत्याला आपण जिवंत असल्याचं पटवत होती आणि आत्या म्हणत होती, मग त्यानं दाढी का वाढवलीय? आईनं एकच शब्द सांगितला, हॅलोविन. पलीकडनं बराच वेळ काही आवाज नाही. मग आत्या म्हणाली, "कुठल्या डॉक्टरला दाखवलंय?"

नवरात्रात म्हणाले नऊ दिवसांचं आहे, मग पायात चप्पल कशी? म्हणून मी दोन दिवस अनवाणी यार्डात गेलो. खरं सांगतो, समजावून सांगण्यापेक्षा चटके परवडले.

मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचं काय असतं, ती पोत्यात असली तरी हवेत असते. सौद्याला पोती फोडली, कुणी मूठभर हळकुंडं हातात घासून बघितली की पिवळी धूळ उडते, ती शर्टावर बसते, पावतीपुस्तकावर बसते, आणि आता बसायला तिला माझी दाढी मिळाली. संध्याकाळी आरशात बघावं तर मुळापासून टोकापर्यंत पिवळा. धुतली तर आणखी पसरते. असाच एकदा यार्डातनं सरळ घरी निघालो तर सिग्नलला शेजारी एक म्हातारबाबा सायकलवर, त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि हात जोडले. "आरेवाडीला जाऊन आला व्हय? बिरोबाचा भंडारा हाय न्हवं?" सिग्नल सुटायच्या आत मी "चांगभलं" म्हणून टाकलं. त्यांचं समाधान झालं. इतक्या दिवसांत एवढं समाधान झालेला तो पहिलाच माणूस.

सगळ्यात वाईट प्रसंग मात्र बायकोवर आला. काही घरांत बायको गरोदर असली की नवरा दाढी करत नाही. भाजी मंडईत तिच्या एका जुन्या मैत्रिणीनं तिचा हात धरून, कानाशी येऊन विचारलं, "कितवा?" बायको पंचेचाळिशीची. त्या दिवशी घरी मेथी आली नाही, कोथिंबीर आली नाही, मोकळी पिशवी आली आणि मागोमाग ती आली. पुढचं लिहीत नाही.

केस कापायला जायचं म्हणजे वेगळी परीक्षा. आमच्या सलूनवाल्याचा हात वीस वर्षं माझ्या तोंडावर बसलेला, त्यानं मागचं केस आवरलं, रेडिओवरच्या बातम्यांना दोन शिव्या दिल्या आणि सवयीनं ब्रश घेऊन फेस थेट गालावर थापला. मी ओरडलो. पट्टी बदललेला वस्तरा त्याच्या दुसऱ्या हातात वर धरलेला, तो तसाच थांबला, मी तसाच थांबलो, रांगेतली माणसं पेपर खाली करून बघायला लागली. "आता लावलाच हाय साबण, तर करून टाकू की," म्हणाला. मी गळ्यातलं कापड सोडून उठलो आणि फेसासकट घरी गेलो.

दिवाळीत आईनं उटणं चोळलं, तेही दाढीला, ते दोन दिवस निघेना. शेजारच्या एका धार्मिक आजोबांनी मला परस्पर चातुर्मास जाहीर करून टाकला, कार्तिकी एकादशीला सोडणार म्हणे, आणि मी नाही म्हणालो नाही. तोपर्यंत माझ्यात नाही म्हणायची ताकद राहिली नव्हती.

मग 31 ऑक्टोबर उजाडला. लाल भोपळा आणला होता, पण आई सुनेला सुरी लावू देईना, बाईमाणसानं अख्खा भोपळा आधी फोडायचा नसतो, म्हणून पहिला वार मी केला आणि डोळे-दात पोरीनं कोरले. आतला गर आईनं टाकू दिला नाही, गूळ घालून घारगे केले. संध्याकाळी पार्किंगमध्ये भोपळ्यात पणती ठेवली होती, स्पीकरवर कुणाच्या तरी मोबाईलवरनं लांडग्याचा आवाज आणि मधेच इन्शुरन्सची जाहिरात. मी धोतर, उपरणं, डोळ्याखाली काजळ अशा थाटात लिफ्टमधनं बाहेर पडलो. एक पाच वर्षांचं पोरगं समोर होतं, ते घाबरेल म्हणून मी जरा वाकलो. ते म्हणालं, "काका, तुम्ही आंघोळ करून आलात?"

परीक्षक होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, बाजूच्याच इमारतीतल्या. माझ्यासमोरनं त्या दोनदा गेल्या आणि वहीत काही लिहिलं नाही. पहिलं बक्षीस गेलं तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांना, त्यांनी संध्याकाळी पाच वाजता कापसाची दाढी फेविकॉलनं कागदावर चिकटवून रबरबँड लावला होता. मी बाईंना जाऊन विचारलं. त्या मनापासून चकित झाल्या. "अहो, तुम्ही स्पर्धेत होता का? मला वाटलं श्रावणापासून तुम्ही असेच आहात." मग कमिटीनं मला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा दिला. घारगे मात्र पहिल्या पाच मिनिटांत संपले, आणि आईनं प्रत्येक पोराकडनं एक गाणं म्हणवून घेतल्याशिवाय एकही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सलून गाठायचं असं ठरवून मी जिना चढत होतो, तेवढ्यात तळमजल्यावरच्या नाटकवाल्यांनी हाक मारली. हे भावे नाट्यमंदिरात गेली कित्येक वर्षं काही ना काही करत असतात. जवळ आले, काही न विचारता दाढीला हात घातला आणि ओढली. "खरी हाय!" मग लांब जाऊन एक डोळा मिटून बघितलं. "काढू नका. राज्य नाट्य स्पर्धा तोंडावर आलीय, आम्हाला म्हातारा पाहिजे. पहिल्या अंकात खाटेवर पडून राहायचं, दुसऱ्या अंकात तुमचा फोटो." संवाद? संवाद नाहीत. पण खाट अगदी पुढं आहे, पहिल्या रांगेतनं दाढी दिसणार.

बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त विचारलं, "खाटेवर झोपायला तालीम लागते?" लागते म्हणे.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवसापासून जो कोण विचारेल त्याला मी सांगायला लागलो, "नाटकात हाय." तेवढंच. पुढचा प्रश्न नाही, अंड्याचं नाही, चपलेचं नाही, कोण गेलं नाही. "असं व्हय," म्हणतात आणि गाडीला किक मारतात. सलूनवाल्यानं स्वतः कडा नीट करून दिल्या आणि डाव्या गालाला पेन्सिल कुठं मारायची तेसुद्धा दाखवलं. तालमीसाठी लवकर जायचंय म्हणून भीत भीत शेठना सांगायला गेलो, महिनाअखेरचे हिशोब पडलेले. शेठनी चष्मा काढला, माझ्या दाढीकडे बघितलं आणि म्हणाले, "जा की. पास किती मिळतील?"