'टॅक्स भरणाऱ्यालाच मत' म्हणे!

परत तो मेसेज फिरायला लागलाय. जो इन्कम टॅक्स भरतो त्यालाच मतदान, सगळ्या प्रगत देशांत असंच आहे, आणि असं केलं की हुशार पोरं देश सोडणार नाहीत. खाली अंगठ्यांची रांग.

पहिलं म्हणजे टॅक्स फक्त इन्कम टॅक्सच असतो का? भांडीवाल्या मावशी मोबाइलला रिचार्ज मारतात त्यावर १८ टक्के जीएसटी जातोच की. आणि गंमत बघा, २०२५-२६ पासून इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य, पगारदाराला पावणेतेरा, म्हणजे अंगठा देणाऱ्या कित्येकांचंच मत गेलं. घर सांभाळणारी बायको बाद, आणि शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्सच नाही म्हणून नुसत्या उसावर बंगला बांधलेला बागायतदारही बाद.

प्रगत देशांचं तर साफ खोटं. अमेरिकेत दक्षिणेतल्या राज्यांत पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर आधी भरायचा कर, होता, काळ्या आणि गरीब लोकांना बाहेर ठेवायला, तो १९६४ च्या घटनादुरुस्तीनं आणि १९६६ ला सुप्रीम कोर्टानं काढून टाकला. आपल्याकडेही इंग्रजांच्या राज्यात जमीन, टॅक्स, शिक्षण बघूनच मत मिळायचं, म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ ला सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला.

आता उलटं बघू. माझा मावसभाऊ अमेरिकेत न्यू जर्सीत एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याच्या पेस्लिपवर फेडरल टॅक्स, स्टेट टॅक्स, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, मेडिकेअरचे १.४५, सगळं कापलेलं असतं, ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या रांगेत कधीचा उभा आहे आणि मत नाही. इथे मात्र पासपोर्ट भारतीय म्हणून त्याला ओव्हरसीज व्होटर म्हणून नाव लावता येतं, भारतात रुपयाचा इन्कम टॅक्स न भरता, फक्त मत द्यायला स्वतः यावं लागतं. दोन्हीकडे बघतात ते नागरिकत्व, टॅक्सची पावती कोणी विचारत नाही.

आणि पोरं मतासाठी जात नाहीत हो, पगारासाठी जातात. २०२४ ला आपल्याच राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी करार केला, तिकडे कुशल माणसं कमी पडतात म्हणून इथून नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर पाठवायचे. तीही तिकडे टॅक्स भरणार, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत संसदेच्या निवडणुकीत मत नाहीच.

इकडे पुण्यात बिहारचे शटरिंगवाले, टाइल्सवाले इलेक्शनला गावी गेले की साइट अडकली म्हणून बिल्डर रडतात, कारण त्यांचं नाव गावच्या यादीत. या मेसेजप्रमाणे त्यांना मतच राहणार नाही, फॉर्म १६, म्हणजे पगारातून टॅक्स कापल्याचा दाखला, कुठून आणणार ते? बिल्डरची तेवढी सोय होईल.