पूर्वेस कोनाची बांधी?

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात सर्व्हर म्हणजे 'डाऊन आहे' या वाक्याचा कर्ता. दुसऱ्या कुठल्या वाक्यात तो मी पाहिलेला नाही.

आमच्या मामा तलावावरच्या (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांचे, म्हणून मामा) सारसांच्या नोंदी मी एका संस्थेला दिल्या. त्यांनी आभाराऐवजी लॉगिन पाठवलं : मेटाडेटा, म्हणजे नोंदींविषयीची माहिती, आपणच भरावा. म्हणजे पोरगी फुकट द्या, वर कुंडलीही तुम्हीच मांडा. सॉफ्टवेअरचं नाव आयपीटी. बनवणारी जीबीआयएफ, जगभरच्या जीवसृष्टीच्या नोंदी एकत्र ठेवणारी संस्था; स्थापना २००१, कचेरी कोपनहेगनला. नोंदी डार्विन कोअर नावाच्या ठरीव रकान्यांच्या साच्यात हव्यात, तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच हवी. तेवढं मात्र रास्त; एक्सेलने माझे ७ ऑगस्टचे सारस ८ जुलैला नेऊन उभे केले होते.

घरी रेंज नाही, म्हणून सेतू केंद्रात बसलो. शेजारच्या खुर्चीवर सातबाऱ्यासाठी आलेले एक काकाजी.

"का भरून रायले जी गुरुजी? अनुदान हाय का?"

"नाही जी. तलावावरच्या पाखरांची माहिती आहे."

"पाखराईले अनुदान? आन् धानाचा बोनस अजून नाई!"

तेवढ्यात भौगोलिक व्याप्तीचं पान उघडलं. नकाशावर अख्ख्या पृथ्वीला कवेत घेतलेली चौकट, बाजूला पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर असे रकाने. काकाजींनी खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पडद्यावर बोट टेकवलं. ते बोट पुढे अर्धा तास निघालं नाही.

"हे तं चतुःसीमा हाय! लिवा. पूर्वेस माही बांधी."

"इथे अंशांचे आकडे लागतात, काकाजी. ऐंशी पूर्णांक..."

"आकड्यानं का होते? उद्या भांडन लागलं तं आकडा साक्ष देनार हाय का? पूर्वेस माही बांधी, पश्चिमेस पाळ, उत्तरेस पांदन. दक्षिणेचं मांगून सांगतो, ते केसमंधी हाय." मग आवाज खाली आणून, "भाऊ म्हनन पूर्वेस त्याची बांधी. ते लिवू नका."

ही पूर्वेकडची बांधी (धानाचं बांध घातलेलं शेत) दर उन्हाळ्यात तलावात चार पावलं सरकते, हे गावात सारसांनाही ठाऊक आहे.

नोंदकर्ता, संपर्क व्यक्ती, मेटाडेटा देणारा : तिन्ही ठिकाणी माझंच नाव पाहून ते म्हणाले, "चौकशी लागन." परवान्यात मी सीसी झिरो निवडला. म्हणजे कोणीही, कशालाही वापरा.

"फुकट देऊन रायले? मंग एवढा फारम कायले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ तेवढा गावाच्या वाट्याला आला. आमच्या तलावात बेशरम नावाचं तण छातीएवढं वाढलं आहे. वर्णनाच्या रकान्यात हे सगळं ओतता येतं, कोपनहेगनला ते नीट जतनही होतं. पण ते वाचून इकडे जेसीबी येत नाही. आणि ज्या ढिवर (मासेमार) पोराने मला घरटं दाखवलं, त्याचं नाव माझ्या नावापुढे उभी रेघ मारून जोडायचं, तर सेतूच्या कीबोर्डवर तेवढीच कळ उखडलेली.

घरट्याची जागा मात्र मी मुद्दाम ढोबळ दिली, दोनच दशांशांपर्यंत. अंडी चोरीला जाऊ नयेत म्हणून असं करायची मुभा आहे. हे काकाजींना सांगायला नको होतं.

"किती ढोबळ?"

"किलोमीटरभर."

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "मंग माह्या बांधीचंही तसंच करा ना जी! पाखराले मुभा, कास्तकाराले नाई?"

मी 'जतन करा' दाबलं. लॉगिनची मुदत संपली होती. चतुःसीमेसकट सगळं गेलं.

संध्याकाळी काकाजींचे भाऊ दारात हजर. काखेत प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीखत.

"गुरुजी, मोजनी लागली म्हनते. पूर्वेस कोनाची लिवली?"