समुद्रसपाटी नावाची थाप

कोकण किनाऱ्याने सायकल दौरा करणाऱ्याला पहिला दगा नकाशा देतो. पश्चिमेला निळा समुद्र, त्याला चिकटून रेवसपासून रेडीपर्यंत गेलेली रस्त्याची रेघ. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार, असं वाटतं. त्यात ‘समुद्रसपाटी’ हा शब्द शाळेपासून डोक्यात बसलेला. दौरा संपवून, गुडघ्यांना तेल चोळत मी आता एवढंच सांगू शकतो, की त्यातला सपाट तो समुद्र. रस्त्याने तसा शब्द कुणालाच दिलेला नाही.

या रस्त्याचा स्वभाव असा: प्रत्येक खाडीपाशी पाण्याला पाय लावायला खाली उतरायचं आणि पलीकडे निघालं की जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, शंभर-दीडशे मीटर चढायचं. सड्यावर वारा लागून जरा माणसात येतोय, तोवर पुढचा उतार. ७०-८० किलोमीटरच्या दिवसात हा खेळ आठ-दहा वेळा झाला की चढाची बेरीज हजार मीटरच्या घरात जाते. खोपोलीहून खंडाळ्याचा चढ साधारण ५०० मीटरचा. म्हणजे रोज दोन बोरघाट, तेही हप्त्याहप्त्याने. पण बोरघाट चढलं की निदान लोणावळ्याची चिक्की तरी मिळते. इथे दिवसभर चढून संध्याकाळी हिशेब मांडावा, तर कमावलेली उंची शून्य!

यावर औषध मांडीत नाही, गिअरमध्ये आहे. चेनच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दात असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर सरकते. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी नऊ किलोमीटर. पाठीमागे दहा-बारा किलो सामान असताना खाडीवरच्या चढाला हा वेग शौर्यपदकाचा आहे. पुढे २८, मागे ३४ असेल तर एका फेऱ्यात पावणेदोन मीटर, म्हणजे ताशी सहा. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई शेजारून तितक्याच वेगाने चालत जाते आणि वर आपली विचारपूस करते. मान गेला तरी चालेल, गुडघे राहिले पाहिजेत. गिअर मात्र चढ सुरू व्हायच्या आधी हलका करावा. ऐन चढात, पायडलवर सगळं वजन असताना बदलला की चेन ‘कटकट’ करते, कधी उतरते, क्वचित तुटते.

उताराचं सुख लोक फार सांगतात. त्यांनी वळणावर पसरलेली जांभ्याची लाल खडी पाहिलेली नसते. सतत ब्रेक दाबून उतरलं तर रिम तापते आणि ब्रेकची रबरं गुळगुळीत होतात. म्हणून पुढचा-मागचा आलटून पालटून, वळणाच्या आधी, दाबून सोडायचा. वळणात दाबला तर खडी बाकीचं काम करते.

सपाट प्रवास मिळतो तो फेरीबोटीत. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या या बोटीत, सायकल कठड्याला बांधावी, नुसती टेकवू नये. बोट धक्क्याला लागताना बसणारा हिसका गाड्यांना कळत नाही, सायकलला बरोबर कळतो. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवागार असतो. तिथे सायकल चालवत उतरणारा माणूस आधी पोहोचतो, सायकल मागाहून.

खारं पाणी हा चेनचा खरा शत्रू. वाळूतून सायकल पळवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि दोन दिवसांनी चेनवर तांबूस फुलं उमलतात. खाऱ्या वाळूतून आलं की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने चेन पुसायची, कोरडी करायची, आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब द्यायचा, पायडल उलटे फिरवायचे, दहा मिनिटं थांबून बाहेरचं तेल पुसून टाकायचं. तेल आत हवं. बाहेर राहिलं तर ते वाळूच गोळा करतं. आपलं तेल संपलं तर ज्या घरी उतरलो तिथले काका मोठ्या मायेने खोबरेल आणून देतात. प्रेमाने घ्यावं आणि डोक्याला लावावं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. डिसेंबरच्या पहाटे बाटलीतलं तेल काडीने उकरावं लागतं, तर चेनमधल्याने काय करावं?

पंक्चरचं दुःख निराळं. पंक्चर काढणारा वाकबगार असतो, पण त्याचा पंप मोटारसायकलच्या वॉल्व्हला बसणारा आणि आपला वॉल्व्ह बारीक फ्रेंच. यावर हरभऱ्याएवढा पितळी अडॅप्टर मिळतो. किंमत किरकोळ, पण नसला की सगळी सायकल शोभेची. असला, तरी कॉम्प्रेसर जपून: बारीक ट्यूब तो काही क्षणांत भरतो आणि पुढच्या क्षणी फोडतो. आणि ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवावं. काच किंवा तारेचा तुकडा तिथेच बसलेला असतो, दुसऱ्या पंक्चरची वाट बघत.

दिशेबद्दल माझं मत ठाम आहे: उत्तरेकडून दक्षिणेला. हिवाळ्यात दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून येतो. तो पाठीला मिळेल तितका घ्यावा. दमट हवेत घाम वाळत नाही आणि ताशी सहाच्या वेगाने स्वतःचा वाराही तयार होत नाही, म्हणून चढ पहाटे उरकावेत. कोकम सरबतात मीठ जरा जास्त मागावं. दुपारी सुरमईचं ताट हाणून घाटी चढायला घेणाऱ्याला मी थांबवत नाही. सुरमईच थांबवते.

मालवणाकडे अंतर विचारलं की उत्तर मिळतं, “ह्यां काय, फुडे येक बारीकशी घाटी आसा, बाकी सगळां सपाट.” ‘बारीकशी’ हा शब्द ऐकताच चेन पुढच्या सर्वांत लहान चक्रावर टाकावी आणि पाण्याची बाटली भरून घ्यावी.

रेडीला गणपतीपुढे हात जोडून दौरा संपतो. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, तेरेखोलचा किल्ला अगदी जवळ आहे, आलाच आहात तर बघून या. किल्ला कुठे आहे? टेकडीवर.