गूगलच्या पहिल्या पानावर यायचंय? मग माणसांचा नाद सोडा

वेबसाइट काढलीत, छान केलंत. आता ती वर आणायची असेल तर आधी डोक्यातलं एक खूळ काढून टाका, की ही साइट माणसं बघणार आहेत. माणसं काय, येतात आणि जातात. तुमचा खरा मायबाप म्हणजे गूगलचा बॉट, साइट वाचत फिरणारा त्यांचा प्रोग्रॅम, त्याची मर्जी सांभाळा. एरवी या ज्ञानाचे दर महिन्याला पैसे मोजावे लागतात, मी फुकट देतोय, कारण मलाही ते फुकटच मिळालं. गेल्या आठवड्यात ठाण्यात गीझरवाला शोधताना.

समजा तुमचा गीझर रिपेअरिंगचा धंदा आहे. ज्याच्या बाथरूममध्ये पाणी टपकतंय त्याला काय हवं असतं? फोन नंबर? छे. त्याला हवं असतं 'गीझर म्हणजे काय?' मग गीझरचे प्रकार, मग गीझरचे फायदे. खाली बादली लावून ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला गीझरचे फायदे सांगायची मजाच वेगळी. नंबर द्यायचाच असेल तर एकदम तळाला द्या, आणि तोही फोटोत, म्हणजे कॉपी करता येणार नाही.

मेटा कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानाच्या कोडमधल्या शोधशब्दांच्या यादीत, मावतील तेवढे शब्द कोंबा. रँकिंगसाठी आम्ही तो टॅग बघतच नाही हे गूगलने २००९ सालीच जाहीर केलंय, पण साइट वर आणून देणाऱ्या एजन्सीच्या बिलात त्याची वेगळी ओळ असते ना, तिचा मान राखा.

पांढऱ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे शोधशब्द बॉटला दिसतील, माणसाला नाही. चालत नाही, पकडतात, तरी करा. घराण्याची रीत आहे.

रिव्ह्यू: सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाका, 'सगळ्यांनी प्लीज फाइव्ह स्टार', झालं.

आता मेन डिश. एरिया पेजेस. मजकूर एकदाच लिहायचा आणि फक्त जागेचं नाव बदलत जायचं. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, मानपाडा, कासारवडवली, मग खाडी ओलांडून कळवा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, थेट पनवेल. दुकान? दुकान कशाला लागतंय. पानाची सुरुवात 'ठाणे हे तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे' अशीच झाली पाहिजे, मग १८५३ साली बोरीबंदरहून सुटलेली पहिली रेल्वे ठाण्यालाच आली ते सांगायचं, आणि वाचणारा जरा गाफील झाला की 'अशा या ऐतिहासिक शहरात आपणास गीझर दुरुस्तीची गरज भासू शकते'. मला सापडलेल्या नेरुळच्या पानावरही तलावांचं शहर होतं आणि खाली 'घणसोलीतील आमचे समाधानी ग्राहक' तसेच बसून होते, बिचाऱ्यांना कोणी हलवलंच नव्हतं. याला डोअरवे पेज म्हणतात, गूगलच्या स्पॅमच्या नियमांत नाव घेऊन लिहिलंय, पण नियम काय, घोडबंदरला नो एंट्रीचेही बोर्ड आहेत.

तर मी त्या पानावरच्या नंबरवर फोन लावला. समोरचा मुलगा एकदम नम्र. 'सर, थानेसर से बोल रहे हैं?' थानेसर कुरुक्षेत्राला, हरियाणात! मी म्हटलं ठाणे, बाबा, ठाणे, महाराष्ट्र. मग पिनकोड, मग सोसायटीचं स्पेलिंग, मग व्हिजिट चार्ज आधी यूपीआयवर टाका, टाकला, मग 'टेक्निशियन अलॉट हो गया है', मग तासाभराने त्या टेक्निशियनचा फोन, तो होता डोंबिवलीत. 'कुठे यायचंय साहेब? घोडबंदर? आज?' आणि कट. परत फोन लावला तर 'आपका फीडबॅक हमारे लिए महत्त्वपूर्ण है'. पैसे गेले ते गेलेच. आणि इकडे बादली भरतेय, बायको विचारतेय की येतोय का कोणी, आणि मी वाचतोय की नियमित देखभालीने गीझरचं आयुष्य वाढतं! शेवटी वॉचमनने नंबर दिला. माणूस मागच्याच गल्लीत बसतो, आला, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, गेला. त्याला गूगलवर शोधून बघितलं, साइटच नाही. असणार कशी, तो दिवसभर गीझर दुरुस्त करत असतो.

असो. सल्ल्याकडे येऊ.

साइट उघडली की आधी नोटिफिकेशनची परवानगी मागा, मग कुकीज, मग अर्धा स्क्रीन झाकणारी ऑफर, आणि कोपऱ्यात 'हाय, मी रिया, मी तुमची काय मदत करू?' तिला पत्ता विचारला की ती तुमचा मोबाइल नंबर मागते. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असं गूगल म्हणतं, पण त्यांना काय माहीत रिया किती जड आहे.

दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका विकत घ्या, म्हणजे तुम्ही मोठे आहात असं गूगलला वाटेल. कझाकस्तानच्या कॅसिनोच्या साइटवर ठाण्याच्या गीझरवाल्याची लिंक शोभून दिसते.

आणि हो, 'फर्स्ट पेज गॅरंटी' देणाऱ्यालाच काम द्या. तो गॅरंटी पाळतो हं. फक्त ती 'बेस्ट अफोर्डेबल ट्रस्टेड गीझर रिपेअर निअर कासारवडवली सिग्नल' या वाक्यावर असते, जे जगात फक्त तोच टाइप करतो, महिन्यातून एकदा, तुम्हाला पाठवायचा स्क्रीनशॉट काढायला. ओळखीच्या एका दुकानदाराने असे कित्येक महिने पैसे भरले. नंतर कळलं की साइट बनवताना 'सर्च इंजिनांनी इकडे येऊ नये' ही टिक लावली होती ती कोणी काढलीच नव्हती. साइट गूगलमध्ये नव्हतीच! आणि दर महिन्याला रिपोर्ट येत होता, रंगीत, ग्राफ वर जाणारा!

अरे लाज वाटत नाही का? गूगल स्वतः लिहून सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीही देऊ शकत नाही, आणि तुम्ही ती नौपाड्यातल्या साध्या दुकानदाराला विकता? गूगलचं सर्च कन्सोल हे साइट तपासायचं साधन फुकट आहे, साइट गूगलमध्ये आहे की नाही ते त्यात लगेच दिसतं, तेवढं उघडून बघायचे कष्ट नाहीत? आणि दुकानदारांनो, तुम्हीही ऐका. गूगलवर दुकानाची माहिती दाखवणारं बिझनेस प्रोफाइल फुकट मिळतं, त्यात खरा पत्ता टाका, बंदचा वार टाका, उचलला जाणारा नंबर टाका. जवळचं दुकान शोधणाऱ्याला काय दाखवायचं ते ठरवताना गूगल अंतरही बघतं, त्यामुळे मानपाड्यात बसून पनवेलचे समाधानी ग्राहक कशाला जमवताय? साइटवर व्हिजिट चार्ज किती आणि कुठपर्यंत येता ते सरळ लिहा, आणि येणार नसाल तर येत नाही म्हणून लिहा. यातल्या कशालाही एजन्सी लागत नाही.

आणि ती एरिया पेजेस बनवणारे तुम्ही, रविवारी दुपारी पाहुणे घरात असताना तुमचा स्वयंपाकघरातला नळ तुटेल ना, तेव्हा तुम्हीही हेच शोधणार आहात आणि तुम्हाला पहिलं दिसणार आहे ते तुमच्याच भाऊबंदांनी बनवलेलं पान. वाचा मग बसून, नळ म्हणजे काय, नळाचे प्रकार किती.