दुपारी तापवलेलं पाणी पहाटे कोमट : आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

आपण एक स्टार दिलात आणि लिहिलंत की, "सोलरची उरलेली वीज दुपारी पाणी तापवेल असं सांगून गिझरला टायमर बसवला. पहाटे साडेपाचला पाणी कोमटच असतं, परत बटण दाबावं लागतं. बिल कमी व्हायचं तर वाढलं. पॅनेल वीज बनवतात की नाही तेच कळत नाही." यातली पाण्याची आणि बिलाची तक्रार खरी आहे. चूक बसवणाऱ्या मुलाची नाही, माझी आहे. टायमर लावायला मीच सांगितलं होतं.

का सांगितलं तेही लिहितो. पूर्णेकडे एका शेतातल्या घरी आम्ही बॅटरीवरची सिस्टिम बसवली आहे. तिथे महावितरणची लाइन नाही. अकरा-बारापर्यंत बॅटरी भरते आणि पुढचं ऊन फुकट जातं. तिथे दुपारी पाणी तापवायची सोय केली आणि ते लोक फार खूश झाले. तोच हिशोब मी तुमच्या घराला लावला. तुमच्याकडे नेट मीटर आहे, हे माहीत असूनही त्याचा विचार केला नाही.

नेट मीटर असलेल्या घरात दुपारची जास्तीची वीज वाया जातच नाही. ती महावितरणकडे जाते, तेवढी युनिटं त्या महिन्याच्या वापरातून वजा होतात, उरली तर पुढच्या महिन्यात येतात. म्हणजे दुपारी लाइनला दिलेलं युनिट पहाटे गिझरला वापरता येतं. मार्चअखेर जी युनिटं शिल्लक राहतात, त्यांचे पैसे मात्र आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. ज्यांची दरवर्षी भरपूर शिल्लक राहते त्यांनी दुपारी पाणी तापवावं, चालेल. तुमची तशी शिल्लक राहत नाही.

आता कोमट पाण्याचं. एका युनिटमध्ये साधारण ८६० लिटर पाणी १ अंशाने तापतं. तुमचा २५ लिटरचा गिझर २० वरून ६० अंशांवर न्यायला सव्वा युनिटही लागत नाही. पण टायमर ३ वाजता बंद झाला की पहाटेपर्यंत साडेचौदा तास ती टाकी नुसती निवत राहते. डिसेंबर-जानेवारीत परभणीची थंडी काय असते ते मी तुम्हाला काय सांगू. त्यात गिझर जुना. गिझरवरचे स्टार हे पाणी न वापरता तशीच ठेवलेली गरम टाकी दिवसभरात किती उष्णता गमावते यावरच दिलेले असतात, आणि तुमच्या गिझरवरचं स्टिकर केव्हाच निघून गेलंय. दुपारी तापवलेलं निवलं, पहाटे परत तापवलं. एका आंघोळीला दोनदा वीज गेली आणि बिल वाढलं ते यामुळे.

शेजारच्यांच्या सोलर हीटरचं पाणी पहाटेही कढत असतं, मग आमचं का नाही, असं आपण फोनवर विचारलं होतंत. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. त्यांची टाकी १०० लिटरची आहे आणि भोवती जाड आवरण आहे. जास्त पाणी हळूहळू निवतं. छोट्या टाकीला ते जमत नाही.

पॅनेल वीज बनवत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. तुमच्यासारख्या ३ किलोवॅटच्या पॅनेलना चांगल्या उन्हात दिवसाला १२ च्या आसपास युनिटं मिळतात, आणि तुमचा इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारी पेटी) जवळपास तेवढीच दाखवतो. मोबाइलवर ते कसं बघायचं, हे आमच्या मुलाने दाखवायला हवं होतं. ते राहिलं.

टायमरचे आणि बसवणीचे २,८०० रुपये मी परत करतो आहे. टायमर काढायची गरज नाही. रविवारी मी स्वतः येऊन तो पहाटे पावणेपाच ते साडेपाचवर लावून देतो, म्हणजे तुमच्या आंघोळीच्या वेळी पाणी ताजं तापलेलं मिळेल आणि एकदाच वीज लागेल. त्याच वेळी गिझर उघडून कॉईलही बघू. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे. आपल्या भागात त्या पाण्याने कॉईलवर पांढरा थर चढतो आणि ती लवकर जळते. साफसफाईचे पैसे घेणार नाही. कॉईल बदलावीच लागली तर दुकानातली किंमत आधी सांगेन, मग तुम्ही ठरवा.

रविवारी सकाळी दहानंतर आलो तर चालेल का, तेवढं कळवा.